बाबा म्हणाले, ‘हा मी नाई बोलत’

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही मूळचे काटोलकडचे, सध्या नागपुरात मानेवाड्यात राहता, नोकरी सांभाळून तीन वर्षं कथा लिहिता. झाडावरचा संत्र्याचा आंबिया बहार व्यापाऱ्याला पडत्या भावात द्यावा लागतो, त्या एका दिवसाची कथा तुम्ही एका दिवाळी अंकाला पाठवली. ‘संवाद दुर्बोध आहेत, बोली आवरा’ एवढ्या एका ओळीनिशी ती परत आली. मग तुम्ही सगळे संवाद प्रमाण मराठीत करून टाकले आणि गावी गेल्यावर वडिलांना वाचायला दिले. ते म्हणाले, “हा मी नाई बोलत.” आता तुम्ही विचारताय की बोली किती टक्के ठेवावी आणि कुठले शब्द चालतात, कुठले नाही.

टक्के काही मला सांगता यायचे नाहीत. बोली म्हणजे पोह्यांवर शेवटी भुरभुरवायचा सांबार नव्हे, की जास्त पडला तर बोटांनी काढून टाकला. (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये. आणि हो, मी आत्ता कंसात अर्थ दिला तसं तुम्ही कथेत करायचं नाही. त्यावर पुढे येतेच.)

पण तुमच्या वडिलांचं वाक्य मला संपादकांच्या वाक्यापेक्षा जास्त कामाचं वाटलं. ते असं म्हणाले नाहीत की ‘हे माहे शब्द नाई’. ते म्हणाले, ‘हा मी नाई’. तुम्हाला वाटलं, प्रमाण भाषेमुळे. मला तेवढंच कारण वाटत नाही. तुम्ही उतारा दिलाय म्हणून बरं झालं, नाहीतर हवेतच बोलणं झालं असतं. पहिल्या खर्ड्यात बाबा मुलाला असं म्हणतात:

“काहून बे पोट्ट्या, कायले उभा हायेस तथी? जाय, शेठले पानी दे आन तुह्या मायले सांग का च्या मांड मनून. बगिचा देऊन राह्यलो आज मी, समजलं ना तुले? दोन वर्सापासून पानी नाई, बँकेचं कर्ज हाये डोक्शावर.”

आणि दुसऱ्या खर्ड्यात:

“का रे, तिथे का उभा आहेस? शेटना पाणी दे आणि आईला चहा ठेवायला सांग. आज मी बाग देतोय, समजलं ना? दोन वर्षं पाऊस नाही, बँकेचं कर्ज आहे डोक्यावर.”

आता मला सांगा, पावसाचं आणि कर्जाचं बाबा कुणाला सांगताहेत? मुलगा त्याच घरात जेवतो. बँकेचा कागद आला तेव्हा तो त्यानंच वाचून दाखवला असणार. व्यापारी शेजारी उभा असताना तर कुठलाही शेतकरी आपण अडल्याचं तोंडातून काढणार नाही, भाव आणखी पडेल. म्हणजे हे वाक्य मुलासाठी नाही, व्यापाऱ्यासाठी तर नाहीच. ते तुमच्या-माझ्यासारख्या वाचकासाठी आहे. बाबांच्या तोंडात तुम्ही निवेदन कोंबलंय. पहिल्या खर्ड्यात बोलीच्या गडबडीत ते झाकलं गेलं, दुसऱ्यात उघडं पडलं. वडिलांना ते बरोबर खटकलं.

मी तोच प्रसंग कसा लिहून बघेन ते दाखवते. तुमची कथा मी लिहून देत नाहीये, नुसती रीत दाखवतेय.

“पाणी आन शेठसाठी.”
मी तिथंच उभा.
“माठातलं आन. फ्रिजातलं नको.”
“बाबूजी, माल छोटा है इस साल,” व्यापारी म्हणाला.
बाबांनी वर झाडाकडे पाहिलं. “हां, छोटा तो है.”
मग माझ्याकडे न पाहता, “जाय ना. काहून उभा हायेस?”

यात बोलीचे शब्द किती? आन, जाय, काहून, हायेस. रत्नागिरीचा वाचकही अडायचा नाही. कर्जाचं नाव कुठंच नाही. पण स्वतःच्या बागेतल्या संत्र्याला ‘हां, छोटा तो है’ म्हणणारा शेतकरी दिसला की त्याला पैसे आजच हवेत हे वाचकाला आपोआप कळतं. आणि मुलाला पाण्याला कशाला पिटाळलं? तर हे वाक्य त्यानं ऐकू नये म्हणून. तो हलला नाही, त्यानं ऐकलं. तुमची कथा मला तिथं दिसते.

आता या उताऱ्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि मला खरं म्हणजे तुमच्याशी तिच्याबद्दलच बोलायचंय. बाबा एका श्वासात दोन भाषा बोलले. व्यापाऱ्याशी हिंदी, मुलाशी काटोलची बोली. तुमच्या दोन्ही खर्ड्यांमध्ये बाबा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांशी एकाच भाषेत बोलतात. बायकोशी, व्यापाऱ्याशी, बँकेच्या माणसाशी, गड्याशी, सगळ्यांशी तेच. असा माणूस निदान नागपूर जिल्ह्यात तरी मी पाहिला नाही. आपल्याकडे माणूस समोरचा बघून भाषा बदलतो. कुणासमोर कुठली भाषा काढली, कुणासमोर गिळली, यात त्याची पत, भीती, माया सगळं असतं. ‘बोली किती’ याऐवजी ‘कुणाशी कुठली’ असा प्रश्न स्वतःला विचारून बघा. निम्मी अडचण तिथंच सुटेल.

मी सव्वीस वर्षं एका सरकारी कार्यालयात खिडकीमागे बसले. लेखनाची शाळा म्हणाल तर तीच. एकदा दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, धोतर, डोक्यावर टोपी. खिडकीत वाकून म्हणाले, “मॅडम, ये फारम में क्या क्या भरना पडता?” मीही हिंदीतच सुरू झाले. दहा मिनिटं आमचं हिंदी चाललं. त्यांचंही यथातथाच, माझंही. वारसाच्या नावाचा रकाना आला तेव्हा ते मागे वळले आणि बायकोला म्हणाले, “तुहं नाव सांग बाईले. कागदावरचं सांग, घरातलं नको सांगू.” म्हणजे आम्ही तिघंही मराठी! मला वाटलं आता हसतील, म्हणतील, अरे आपण तर आपलेच. तसं काही झालं नाही. ते पुन्हा खिडकीकडे वळले आणि म्हणाले, “लिखो मॅडम.”

त्यांच्या लेखी खिडकीची भाषा हिंदी होती, पलीकडे कोण बसलंय याच्याशी त्याचा संबंध नव्हता. याला इतिहासही आहे. १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरीत मराठीच्या जोडीला हिंदी, बाजारात हिंदी. त्या वर्षी १ नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, पण जिभेला लागलेलं वळण सरकारी हुकमानं जात नाही. आजही सीताबर्डीत दोन मराठी माणसं भाजीच्या भावावरून पाच मिनिटं हिंदीत घासाघीस करतात आणि मग एकाचा फोन वाजतो आणि तो “हाव, येऊन राहिलो” म्हणतो. बाहेरच्याला याची गंमत वाटते. आपल्याला वाटत नाही, म्हणून आपण ते लिहीत नाही. सवयीचं झालेलं नेमकं कागदावर येत नाही.

तुमच्या कथेत हे वापरून बघा. व्यापारी इसाराचे पैसे मोजत असताना त्याला घरून फोन येतो आणि तो म्हणतो, “तू जेवून घे, मले उशीर होते.” सकाळपासून बाबा ज्याच्याशी हिंदीत बोलले तो याच मातीतला निघाला. त्यावर बाबा काय करतील? भाषा बदलतील? भाव वाढवून मागतील? की त्या गृहस्थांसारखं ऐकूनच घेणार नाहीत? मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असणार. मी फक्त एवढंच म्हणते, तिथं स्पष्टीकरणाचं एकही वाक्य घालू नका.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्या हातूनही होऊ शकते. माझ्या सुरुवातीच्या एका कथेत धरमपेठेतलं एक घर होतं. मालकीणबाई, त्यांचा मुलगा, सून सगळे पुस्तकी मराठी बोलायचे. धुणंभांडी करणारी बाई तेवढी अस्सल बोलीत. कथा छापून आली, लोकांनी कौतुक केलं, ‘काय तिची भाषा पकडली आहे’ वगैरे. मी हवेत. मग माझी मावशी, आर्वीची, चौथी शिकलेली, पण वाचायची खूप, तिनं वाचली आणि एवढंच विचारलं, “कावं, आमच्यावानी बोलणारे सारे भांडेच घासतात का?” मला उत्तर आलं नाही. त्या बाईच्या तोंडी मी बोली घातली होती ती लोकांना गंमत वाटावी म्हणून, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. आणि खोटंही होतं ते. धरमपेठेतल्या मालकीणबाई पाहुण्यांसमोर ‘अहो, बसा ना’ म्हणतात आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं की ‘माय वं!’ असं ओरडतात. मी ते रोज ऐकत होते. लिहिलं नव्हतं. कथेत बोली कुणाच्या वाट्याला आली आणि कुणाच्या नाही, एवढं एकदा तपासा. गरीब, अडाणी, विनोदी आणि म्हातारे यांच्याच वाट्याला आली असेल तर लेखकाची नजर वरून खाली चाललीय असं खुशाल समजा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, शब्द कसे लिहायचे. इथं माझं मत ठाम आहे, पण ते मत आहे, कायदा नाही. मी उच्चार कमी लिहिते आणि वाक्याची घडण जास्त ठेवते. ‘पाणी’चं ‘पानी’, ‘म्हणून’चं ‘मनून’, ‘शाळा’चं ‘शाया’, हे मी बहुतेक सोडून देते. कारण सोपं आहे. आपण सगळेच लिहिल्यासारखं बोलत नाही. पुण्याचा माणूसही ‘म्हणून’चा ‘ह’ खातो, पण त्याच्या कथेत कुणी ‘मनून’ छापत नाही. मग आपल्याच पात्राचं प्रत्येक अक्षर मोडून का दाखवायचं? वाचकाला भाषा दिसत नाही, नुसत्या शुद्धलेखनाच्या चुका दिसतात. आणि तो अडतो तेही इथंच. संपादकांनी ‘दुर्बोध’ म्हटलं ते मला वाटतं ‘तथी’, ‘मनून’, ‘डोक्शावर’ एका ओळीत आले म्हणून.

मी ठेवते काय? ‘मले, तुले, त्याले’ ठेवते, कारण एकदा वाचलं की वाचकाला सवय होते. ‘काहून’ ठेवते, त्याला ‘का’ हा पर्याय नाहीच. ‘का’ नुसतं विचारतो, ‘काहून’ जाब मागतो. ‘हाव’ ठेवते. आणि ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिलो’ हे तर कुणी कितीही सांगितलं तरी सोडत नाही. पुण्या-मुंबईच्या कानाला त्यात ‘राहिला’ म्हणजे उरला, थांबला असं ऐकू येतं आणि त्यांना हसू येतं. येऊ दे. त्या रचनेत आपला वेळ आहे. पानठेल्यावर उभा असलेला माणूस बायकोला फोनवर म्हणतो, “निघून राहिलो ना, निघूनच राहिलो,” आणि खर्रा घोटून होईपर्यंत जागचा हलत नाही. ‘निघतोय’ असं लिहिलं की त्यातला तो अर्धा तास गेला.

एक शब्द मात्र फार जपून वापरा, तो ‘बे’. मित्र मित्राला म्हणतो, मोठा भाऊ लहान भावाला म्हणतो, भांडणात अनोळखी माणसाला म्हणतो तेव्हा हात उगारायचंच बाकी असतं. एकाच शब्दात लाड आणि अपमान दोन्ही आहेत, आणि कुठला ते फक्त नात्यावरून कळतं. तुमच्या बाबांनी व्यापाऱ्यासमोर मुलाला ‘काहून बे पोट्ट्या’ म्हटलं असतं का? लाडात, एकटं असताना, कदाचित. परक्या माणसासमोर मोठ्या मुलाला? मला शंका आहे. हे तुम्हीच ठरवायचं, तुमच्या घरातला ‘बे’ मला ऐकू येत नाही.

आणि विदर्भाची बोली अशी एक चीज नाहीच. काटोलचं बोलणं अमरावती-यवतमाळकडच्या वऱ्हाडीला टेकतं, भंडारा-गोंदियाला झाडीबोली सुरू होते, नागपूर शहरात महालातलं वेगळं, जरीपटक्यातलं वेगळं. तुम्ही मानेवाड्यात राहून गावाचं लिहिता आहात, त्यामुळे शहरातलं बोलणं नकळत बाबांच्या तोंडी जाईल. ‘भैताड’ हा शब्द तुम्ही तिसऱ्या पानावर वापरलाय, तो बाबांचा आहे की तुमच्या ऑफिसातल्या मित्राचा, बघा जरा.

घरातल्या वस्तूंच्या शब्दांचं वेगळं. तिथं मी अजिबात मागे हटत नाही. सराटा म्हणजे सराटाच, गंज म्हणजे गंजच, आलूला बटाटा आणि फल्लीदाण्यांना शेंगदाणे करायचं काही कारण नाही. वाचकाला कळेल का? कळेल, जर त्या वस्तूला हातात काम दिलं तर. ‘आईनं सराट्यानं पोळी उलटवली’ असं लिहिलं की कुणीही शब्दकोश शोधत नाही. ‘काकू ओसरीवर सांबार निवडत बसली होती’ असं म्हटलं की इडलीवाल्यालाही कळतं, पातळ सांबार काही कुणी निवडत बसत नाही. कंस नको, तळटीप नको, ‘ज्याला तुमच्याकडे अमुक म्हणतात’ असला पाहुणचार नको. कंस पडला की वाचकाच्या लक्षात येतं, हे आपल्यासाठी मांडून ठेवलंय.

आता निवेदकाचं. हा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो संवादांहून अवघड वाटतो. कथा ‘मी’ सांगतो, तो मुलगा, बागेत तेव्हा उभा होता आणि आता कुठंतरी नोकरी करतो. त्याची निवेदनाची भाषा तुम्ही पूर्ण प्रमाण ठेवली आहे. चालेल, पण मग ती का प्रमाण झाली याचं उत्तर कथेत कुठंतरी असायला हवं. तो शिकला, शहरात आला, लोक हसले, त्यानं भाषा बदलली. ही त्याचीही एक विक्री झाली की. बापानं बगिचा दिला, पोरानं बोली. हे वाक्य कथेत लिहू नका हं, फार चटपटीत आहे, पण मनात ठेवून लिहा. निवेदन प्रमाण चालू असताना एखाद्या जागी, बाबांचे हात वगैरे सांगताना, एक शब्द घरचा सुटू द्या. मुद्दाम नाही, सुटला असं वाटलं पाहिजे. माझ्या एका कथेत सगळीकडे ‘चमचा, पातेलं, उलथनं’ म्हणणारी निवेदक बाई आईच्या आजारपणाच्या पानावर पातेल्याला एकदम ‘गंज’ म्हणते. एका वाचक बाईंनी मला कळवलं की तिथं त्यांना रडू आलं. मी तिथं रडण्यासारखं काहीच लिहिलं नव्हतं.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही कबूल करते. सादर करायची एकांकिका असेल तर मी ‘पानी’च लिहीन, कारण नटाला उच्चार हवा असतो. विनोदी लेख असेल तर उच्चारांची मोडतोड चालते, कधी लागतेही. आणि सगळी कथाच, निवेदनासकट, बोलीत लिहायची असेल तर माझे निम्मे नियम रद्द, कारण मग वाचक दुसऱ्या पानापर्यंत तुमच्या भाषेत राहायला आलेला असतो, पाहुणा उरत नाही. ते धाडस करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, माझ्याच्यानं ते कधी निभलं नाही. बोली आली की मराठी वाचक पळतो, हे मात्र खरं मानू नका. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली, पात्रं वऱ्हाडी बोलणारी, आणि अजून वाचली जाते.

थोडं मागे वळून एकत्र बांधते, कारण मी बरीच भटकले. आधी प्रत्येक संवाद कुणासाठी बोलला गेलाय ते पाहा, वाचकासाठी असेल तर काढा. मग प्रत्येक पात्र कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं ते वहीत मांडा. मग अक्षरांची मोडतोड कमी करून वाक्यांची घडण तशीच ठेवा. याच क्रमानं करा. उलट क्रमानं केलंत, म्हणजे आधी शुद्धलेखनाला हात घातलात, तर तुम्ही दुसरा खर्डा केलात तसंच पुन्हा होईल.

ऐकण्याबद्दल थोडं सांगायचं राहिलं. मोबाइलवर चोरून रेकॉर्ड करू नका. एक तर ते बरं नाही. दुसरं, रेकॉर्ड केलेलं आपण नंतर ऐकतच नाही. मी घरी येऊन रात्री वहीत लिहायची, दिवसाला एक किंवा दोनच वाक्यं, आणि शब्दांपेक्षा शब्दांचा क्रम आठवायचा प्रयत्न करायची. “कागदावरचं सांग, घरातलं नको सांगू” हे त्या दिवशी लिहिलेलं एकच वाक्य. त्याची कथा व्हायला सात वर्षं लागली. मधल्या काळात ते वहीत पडून होतं, मी विसरलेही होते. जवळ कोण होतं, त्या वाक्याआधी काय झालं, हेही एका ओळीत लिहून ठेवा. नुसतं वाक्य दोन वर्षांनी मुकं होतं. हे काही मी शोधलेलं नाही. तेराव्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटांनी हेच केलं. चक्रधरस्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून, त्यांनी एकेक लीळा जमवली, तेव्हा ‘लीळाचरित्र’ झालं. मराठी गद्याची सुरुवात आपल्या अमरावती जिल्ह्यात झाली आणि ती लोकांना ‘तेव्हा नेमकं काय बोलणं झालं’ हे विचारून झाली. कुणी ‘बोली आवरा’ म्हटलं की मला हे आठवतं आणि थोडा धीर येतो. संपादकांना मात्र हे पत्रातून कळवायला जाऊ नका.

त्यांच्यावर रागही धरू नका. वर्षाला ढिगानं कथा येतात, त्यांनी निदान एक ओळ तरी लिहिली. कारण चुकीचं सांगितलं असेल, अडखळले ते खरंच अडखळले. नवा खर्डा झाला की कोकणातल्या किंवा पुण्याच्या कुणा ओळखीच्या माणसाकडून तो मोठ्यानं वाचून घ्या, तुम्ही नुसतं ऐका. तो जिथं दोनदा वाचेल तिथं पेन्सिलीनं खूण करा, समजावून सांगू नका. पाच-सहा खुणा आल्या तर ठीक, त्या जागा सोडवा. पन्नास आल्या तर संपादक बरोबर होते. मग त्याच अंकाला पुन्हा पाठवायला काही हरकत नाही, ‘पुनर्लेखन केलं आहे’ एवढंच लिहा.

आणि पाठवण्याआधी वडिलांना. वाचायला देऊ नका या वेळी, वाचून दाखवा, रात्री जेवणं झाल्यावर. ‘हां, छोटा तो है’ या जागी त्यांच्याकडे बघू नका. ते मधेच म्हणतील, मी असं म्हणालो नव्हतो, मी तर अमुक म्हणालो होतो. तेव्हा वाद घालू नका, वही जवळ असू द्या.